बैठक

यंदा खंडेनवमीला आमच्या इमारतीच्या अंगणात अकरा दुचाक्या धुऊनपुसून उभ्या होत्या. प्रत्येकीच्या दांडीला झेंडूची माळ, दिव्याच्या काचेवर कुंकवाचे बोट आणि पुढच्या चाकाखाली लिंबू. पूर्वी या दिवशी घरातली तलवार बाहेर निघे, घोड्याला आंघोळ घातली जाई. तलवारी संग्रहालयांत गेल्या, घोडे वरातीपुरते उरले. पूजा तेवढी राहिली आणि ती आपली चालत चालत दुचाकीपाशी येऊन थांबली. आम्ही राहतो निगडीस. म्हणजे पूजेच्या या देवता ज्या गावांत घडतात, त्यांच्याच शिवेवर. गणपती पेणचे, तशा दुचाक्या आकुर्डी-चाकणच्या.

गाडी कोणती घ्यावी, असा प्रश्न निघाला की आमच्याकडची मंडळी किंमत, पेट्रोल आणि रंग या तीन गोष्टी बोलतात. तिच्यावर बसायचे कसे, हे कोणी विचारीत नाही. घोड्याच्या व्यवहारात हीच गोष्ट पहिली होती. तिला बैठक म्हणत. भीमेच्या खोऱ्यातले भीमथडी तट्टू ठेंगणे आणि काटक. घाटाच्या वाटेला आणि हलक्या स्वाराला सोयीचे. १६६० च्या पावसाळ्यात चाकणच्या किल्ल्याला सुमारे दोन महिने वेढा घालून बसलेल्या शाएस्तेखानाची फौज मैदानावर भारी होती, पण डोंगरात शिरली की तिचे वजन तिच्याच अंगावर येई. फिरंगोजी नरसाळ्याने किल्ला कसा झुंजवला हे मी दरवर्षी वर्गात सांगते, आणि दरवर्षी मागच्या बाकावरचा एखादा मुलगा विचारतोच, “बाई, तो किल्ला म्हणजे कंपनीच्या रस्त्यावरचा का?”

त्या काळी आणखी एक भेद होता. ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार, आणि ज्याला सरकारी पागेतला मिळे तो बारगीर. हप्त्यावर मोटारसायकल घेणाऱ्याला या दोहोंपैकी काय म्हणावे, ते मला अजून ठरवता आलेले नाही.

आमच्या भागाची पहिली बैठक मात्र घोड्याची नव्हती, खुर्चीची होती. १९४६ साली इटलीत कोरादिनो दास्कानिओ नावाच्या एका विमानांच्या इंजिनिअराने व्हेस्पा स्कूटर आखली. या गृहस्थाला मोटारसायकल मुळीच आवडत नसे. तिच्यावर पाय फाकून बसावे लागते, साखळीच्या तेलाने कपडे मळतात आणि चाक पंक्चर झाले तर काढायचे कसे, अशा त्याच्या तक्रारी. म्हणून त्याने इंजिन पत्र्याखाली झाकले, गिअर हाताशी आणला आणि पायांपुढे सपाट जागा ठेवली. माणूस खुर्चीवर बसावा तसा तिच्यावर बसे. १९४५ साली बछराज ट्रेडिंग या नावाने निघालेली कंपनी आधी परदेशी स्कूटरी आणून विकत असे. १९५९ साली तिला उत्पादनाचा परवाना मिळाला आणि आकुर्डीच्या माळावर बजाजचा कारखाना उभा राहिला. पियाजिओ कंपनीशी केलेला करार १९७१ साली संपला. पुढच्याच वर्षी स्वतःच्या नावाची स्कूटर आली, तिला नाव दिले राणा प्रतापाच्या घोड्याचे. खुर्चीला घोड्याचे नाव! पण ते शोभले.

शोभले अशासाठी, की ती घरातल्या सगळ्यांना वाहून नेई. माझे वडील पिंपरीला एका कारखान्यात फिटर होते. चेतकसाठी त्यांनी नाव नोंदवले तेव्हा माझा थोरला भाऊ पाळण्यात होता. गाडी दारात आली तेव्हा तो दुसरीत गेला होता आणि मी तीन वर्षांची होते. तेव्हा हे सर्वत्रच चाले. गाड्या किती काढायच्या ते सरकार ठरवी. मागणी त्याच्या कितीतरी पट, आणि दहा-दहा वर्षे थांबणारी माणसे होती. इतकी वाट पाहिल्यावर ‘ही मला बसते का’ असे कोण विचारणार? माणूसच गाडीला बसता होई. वडील उंच, त्यांचे गुडघे पुढच्या पत्र्याला लागत. इंजिन उजव्या अंगाला असल्यामुळे गाडी किंचित त्या बाजूला ओढी, म्हणून ते जन्मभर डावा खांदा थोडा उतरवून चालवीत आले. पुढे पुढे पायी चालतानाही तो खांदा उतरलेलाच असे. थंडीच्या सकाळी सुरू होईना, की तिला आडवी करायची, पुन्हा उभी करायची आणि किक मारायची. मी पुढे उभी, भाऊ मधे, आई मागे एका अंगावर, तिच्या मांडीवर भाजीची पिशवी. गॅसची टाकी आणायची असेल त्या दिवशी माझ्या जागी टाकी उभी राही.

आईची मात्र स्वतःची गाडी होती, आणि ती चिंचवडची. कायनेटिकच्या फिरोदियांनी १९७२ सालीच लुना काढली होती, चेतकच्याच वर्षी. पन्नास सीसीचे इंजिन आणि सायकलसारखे पायडल. चढ आला की इंजिन दमे, मग बाईमाणसाने दोन पायडल मारून त्याला हात द्यायचा. पुरुष हसत. पण नऊवारी सोडून पाचवारीत आलेल्या बायकांना पाय न उचलता जिच्यावर बसता येते, जी हाताने ढकलता येते, पडली तर एकटीला उचलता येते, अशी ती पहिली गाडी. आमच्या आळीतल्या नर्सबाई, बालवाडीच्या बाई, पोस्टात जाणाऱ्या एक काकू, सगळ्या लुनावर. पुढे ऐंशीच्या दशकात एम-एट्टी आली, ती मावळ-खेडच्या दूधवाल्यांनी उचलली. दोन्ही बाजूंना कॅन, मागे वैरणीचा भारा, आणि या सगळ्यांच्या मधे कुठेतरी स्वार. दिसायला कुरूप, पण जिचे काम तिला नेमके ठाऊक आहे अशा बाईसारखी ती मला वाटत आली आहे.

मोटारसायकल आमच्याकडे उशिरा मानाला चढली. १९८६ साली बजाजने जपानच्या कावासाकीच्या साह्याने पहिली शंभर सीसीची गाडी काढली, पण दशकभर राज्य स्कूटरचेच होते. नव्वदच्या दशकाच्या शेवटी पारडे फिरले. चार स्ट्रोकची मोटारसायकल पेट्रोल कमी पिई, मोठ्या चाकांमुळे खड्ड्यांत डगमगत नसे, तेल मिसळण्याची कटकटही नव्हती. मग २००१ च्या नोव्हेंबरात पल्सर आली. चाकणच्या नव्या कारखान्याचे नाव झाले ते तिच्यामुळे. तिच्या जाहिरातीचे ब्रीद होते ‘डेफिनेटली मेल’; म्हणजे गाडीसुद्धा पुरुष! खुर्ची गेली, पुन्हा घोडा आला. मांड्यांनी टाकी आवळून बसायचे, पाय थोडे मागे, अंग किंचित पुढे. माझ्या वर्गातली मुले दप्तराच्या कव्हरावर तिची चित्रे काढीत. आकुर्डीच्या कारखान्यातले उत्पादन २००७ साली थांबले. चेतक त्याआधीच बंद झाली होती. वडिलांनी ती बातमी वाचून वर्तमानपत्राची घडी घातली आणि ते गाडी पुसायला खाली गेले.

आता गाड्या इतक्या झाल्या, की बैठकी निवडता येऊ लागल्या. ॲव्हेंजरसारखीवर पाय पुढे सोडून, पाठ मागे टाकून पाटावर बसल्यासारखे बसायचे. लांबच्या मोकळ्या रस्त्याला छान, पण गर्दीत वळवायची म्हणजे बैलगाडी. चाकणला निघू लागलेली केटीएमची ड्यूक पोरांना हवी असते. तिची आसन उंच, पाय मागे घेतलेले. अंगात येते आणि चपळ वळते. शर्यतीच्या घाटाच्या गाड्यांवर तर हँडल इतके खाली, की अंगाचा भार मनगटांवर. वेग असला की समोरचा वारा छातीला उचलून धरतो आणि मनगटे मोकळी होतात. पण आमच्या तळेगाव चौकात कंटेनरांच्या रांगेमागे पाऊण तास उभे राहायचे, तिथे वारा कुठला? असे स्वार मी रोज पाहते. हिरव्या दिव्याची वाट बघत मनगटे झटकीत असतात. त्यांच्या शेजारून शंभर सीसीच्या साध्या गाडीवरचा पहिल्या पाळीचा कामगार, पाठ सरळ, डबा हँडलला, सावकाश निघून जातो. बारा तास अंगमेहनत करून परतणाऱ्याला ताठ पाठीची, खाली पाय टेकणारी गाडीच बसते. हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

माझी एक विद्यार्थिनी आय. टी. आय. करून चाकणला लागली. २०१६ च्या अखेरीस ‘डॉमिनार’ नावाची दांडगी गाडी बाजारात आली, आणि ती जिथे जुळवली जाई त्या पट्ट्यावर काम करणाऱ्या मुली होत्या. ही त्यांतली एक. ‘डेफिनेटली मेल’चे पुढचे पान मुलींच्या हातचे निघाले, याचा मला फार आनंद झाला, आणि मी तिला तसे म्हटले. ती हसली. म्हणाली, “बाई, दिवसभर मी तिचे नट आवळते. पण तिच्यावर बसले तर माझे पाय जमिनीला टेकत नाहीत.”

मी घरी येऊन आकडे पाहिले. बैठकीची उंची ८०० मिलिमीटर, वजन १८२ किलो. पोरगी पाच फूट. चवड्यावर उभे राहून १८२ किलो तोलायचे, तेही खडीवर! जी गाडी तिने जुळवली ती तिच्या मापाची आखलेलीच नव्हती. वडिलांनी चेतकपुढे खांदा उतरवला तसा हिने काय उतरवायचा? मी तिला म्हटले, तू एखादी स्कूटर घे. ती माझ्याकडे अशी पाहू लागली, की मी गृहपाठ चुकीचा तपासला असावा.

तिने वर्षभर पैसे साठवले, पण डॉमिनार घेतली नाही. जुनी ॲव्हेंजर घेतली. तिची बैठक साडेसातशे मिलिमीटरच्याही आत. दोन्ही तळवे जमिनीवर पक्के. गर्दीत ती बैलगाडीसारखी वळते असे मी वर म्हटलेच आहे, पण हिला ते चालते. सुट्टीच्या दिवशी ती नाशिक रस्त्याने मंचरपर्यंत जाऊन येते, एकटी.

इकडे आकुर्डीला २०२२ च्या जूनमध्ये पुन्हा चेतक निघू लागली आहे. आता विजेवर, किकशिवाय आणि आवाजाशिवाय. २०२४ साली लुनाही विजेची होऊन परत आली. वडिलांना नवी चेतक दाखवायला नेले. त्यांनी पायांपुढची जागा हाताने मोजली, टाकी मावेल म्हणाले, आणि बसून पाहिले. मग सवयीने डावा खांदा उतरवला, थोडा वेळ थांबले, आणि तो पुन्हा वर घेतला.

परवा खंडेनवमीला बारावी गाडी संध्याकाळी आली. माझ्या त्या विद्यार्थिनीची. मागे तिची आई. एका अंगावर बसता येईना म्हणून आयुष्यात पहिल्यांदा पंजाबी ड्रेस घालून, आणि हातात झेंडूची माळ सांभाळीत.