धाकटीला पाचवं सरू द्या

मे १९७३. पुणे-नगर रस्त्यावर रांजणगावला एसटी तुम्हाला उतरवते. ज्या माळावर तुमच्या काळात कंपन्यांच्या बस वळतात, तिथे जळकी कुसळं आहेत. महागणपतीच्या देवळात आत्ता कुणी भेटायचं नाही. लोक दुष्काळी कामावर गेलेत. या महिन्यात राज्यभर अशा कामांवर जवळपास पन्नास लाख माणसं आहेत.

खडी फोडणाऱ्या एका बाईशेजारी तुम्ही उकिडवे बसता. तान्ही मुलगी बाभळीखालच्या झोळीत, बाकीची पोरं सुकडीच्या रांगेत.

"लेकरं किती?"

"झाली नऊ. हायेत सहा."

इथे हिशोब असा दोन आकड्यांत सांगतात. एक गोवरानं गेलं, एक हगवणीनं. एकाचं सटवाईनं पाचवीलाच तेवढं लिहिलेलं. त्याच्या पाठीवरच्याचं नाव धोंड्या ठेवलं, टिकावा म्हणून.

तेवढ्यात कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणाचं चित्र घेऊन नर्सबाई येतात. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. तो विचार इथवर यायला अर्धं शतक लागलं, आणि आला तोही सरकारी जीपमधून. चित्रात हसरे आईबाप, दोन गुटगुटीत मुलं. ती निरखून बघते.

"ह्यांचं एकबी गेलं न्हाई व्हय?"

नर्सबाई गप्प. १९७१ साली देशात हजारातली १२९ बाळं वर्षाच्या आत दगावलीत. चित्रकाराला ती काढायची नव्हती.

एवढी लेकरं सासूच्या धाकानं झाली असतील, असं तुमच्या मनात येतं. धाक होताच, मुलगा होईपर्यंत घरात या बाईच्या शब्दाला किंमत नव्हती. शिवाय थोरली पाणी भरते, मधली दोघं शेरडं राखतात, आणि म्हातारपणी कोण बघणार? पण हे सगळं ती भराभर सांगून टाकते, कुणालाही सांगावं तसं. हातोडी थांबते ती पुढच्याला. "बारा वर्साची आले ह्या घरात. माझं म्हनावं असं कुनी नव्हतं. आता सा जनं हायेत माझी."

ही निवड म्हणायची का? मी म्हणेन. फाटक्या पदरात जेवढी मावते तेवढी.

"आपरेशनला न्हाई म्हनत न्हाई मी, बाई. पर धाकटीला पाचवं सरू द्या."

"आणि तोवर आणखी एक झालं तर?"

"मग त्याचं पाचवं."