टेबलाचा तंटा, लंडन १६३२

पावसाळ्यात दार अडकायला लागलं की आपण म्हणतो, "दार फुगलंय". दिवाळीपर्यंत ते आपोआप सुटतंही. पण ते फुगतं कुठल्या दिशेनं? उंचीत जवळजवळ नाहीच, फुगतं ते रुंदीत. या एका गोष्टीभोवती फर्निचरचा बराच इतिहास फिरलाय.

आधी थोडं गणित, कारण इंजिनियरला आकड्यांशिवाय चैन पडत नाही :-) लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची मोळी. दमट हवेत नळ्यांच्या भिंती पाणी पिऊन जाड होतात, लांब मात्र होत नाहीत. व्हाइट ओकच्या साध्या कापाच्या ९० सेंमी रुंद टेबलटॉपमधला ओलावा ४ टक्क्यांनी बदलला, तर रुंदी साधारण १३ मिमीनं बदलते. सागवानात हाच फरक सात मिमीच्या आत. सागवानाच्या मानात या शांत स्वभावाचाही वाटा आहे.

आता मध्ययुगीन युरोपातली साधी पेटी बघा. सहा फळ्या, खिळे, काम तमाम. पुढच्या फळीचे तंतू आडवे, बाजूच्या फळ्यांचे उभे. पुढची आकसायला बघते, खिळे तिला हलू देत नाहीत. मग ती तडकते. जुन्या पेट्यांवर आडवी लांब चीर दिसते, ती बहुतेक वेळा यामुळेच.

यावरचा उपाय पंधराव्या-सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये रुळला: चौकट आणि दिलहा. चार अरुंद पट्ट्या, कोपऱ्यात चौकोनी खोबण आणि तिच्यात बसणारी जीभ, वर लाकडी खुंटी. मधली पातळ फळी चौकटीच्या खाचेत नुसती बसवलेली. ना गोंद, ना खिळा. अरुंद पट्ट्या हलून हलून किती हलणार? आणि रुंद फळीला हलायला जागा ठेवलेली. आपल्या भाषेत, लूज कपलिंग.

हे काम करणारे ते जॉइनर. मराठीत दोघंही सुतारच, पण लंडनमध्ये कार्पेंटर वेगळे आणि जॉइनर वेगळे. कार्पेंटरांच्या संघाला राजाची सनद १४७७ ची, जॉइनरांच्या संघाला १५७१ ची. साहजिकच कुठलं काम कोणाचं यावरून भांडणं. भांडण विज्ञानाचं नव्हतं, पोटाचं होतं. शेवटी १६३२ मध्ये शहराच्या नगरपित्यांनी निवाडा दिला. चौकट, खोबण-जीभ आणि सरस वापरून केलेली टेबलं जॉइनरांची. सरसाशिवाय, खिळे ठोकून केलेली टेबलं, म्हणजे दारूच्या गुत्त्यांतली, दुकानांतली, कार्पेंटरांची.

गंमत म्हणजे पोटासाठी ओढलेली ही रेघ बरोब्बर ज्ञानाच्या रेघेवर पडली. लाकूड हलणार हे धरून काम करणारे एकीकडे, ठोकून मोकळे होणारे दुसरीकडे. अर्थात गुत्त्यातलं टेबल स्वस्त होतं, आणि तेही कोणाला तरी हवंच होतं.

पुढे टेबलटॉपच्या दोन्ही टोकांना आडवी पट्टी लावायची पद्धत पक्की झाली. ती मधोमध घट्ट, कडेच्या खुंट्यांसाठी मात्र लांबट भोकं. अशा टेबलाची पट्टी एका ऋतूत टॉपच्या जरा बाहेर दिसते, दुसऱ्या ऋतूत जरा आत. ते बिघडलेलं नाही, चालू आहे.

विसाव्या शतकात दोन गोष्टी झाल्या. घरं यंत्रानं गरम होऊ लागली आणि शतकानुशतकं टिकलेलं फर्निचर कोरड्या हवेत तडकू लागलं. आणि प्लायवूड आलं, ज्यात एकाआड एक थरांचे तंतू आडवे-उभे ठेवून हालचालच दाबली जाते. प्लायवूडला नावं ठेवायचं कारण नाही. पण लाकूड हलतं हेच आपण विसरलो. आता पाऊस बाहेर, एसी आत, आणि मध्ये चाळीस हजारांचं "सॉलिड वूड" डायनिंग टेबल.

तेव्हा असं टेबल घ्यायला गेलात तर पॉलिश नंतर बघा. आधी खाली वाका. टॉप चौकटीला चारी बाजूंनी सरसानं चिकटवलेला असेल किंवा गोल भोकांतून स्क्रूनं आवळलेला असेल, तर विक्रेत्याला विचारा की रुंदी वाढली तर जाणार कुठे. लांबट भोकं किंवा खाचेत सरकणारे लाकडी ठोकळे दिसले, तर करणारा जॉइनरांच्या घराण्यातला आहे असं समजा.