गोदाखोऱ्यातील एक ग्रंथशुद्धी

आमच्या आष्टीकर ज्ञातिबांधवांस कवित्वाची हौस फार. लिहिलेले पुन्हा तपासण्याचा कंटाळाही तितकाच! याच गोदाखोऱ्यात, पैठण क्षेत्री, एकनाथमहाराजांनी शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली. मूळ ग्रंथ शके १२१२ चा. जवळजवळ तीनशे वर्षांच्या नकलांत पाठ बिघडले होते. नाथांनी प्रती ताडून पाहून शुद्ध पाठ सिद्ध केला आणि त्यात कोणी स्वतःची ओवी घालू नये, असे बजावले. स्वतः भागवताच्या एकादश स्कंधावर टीका रचणारे कवी असूनही त्यांनी आपली लेखणी आवरली, हे आम्हांस विशेष वाटते. वाडवडिलांच्या अभंगवह्या छापण्यासाठी उतरवून घेताना आम्ही मात्र कैक चरण ‘सुधारले’. आणि मूळ वह्या जपून ठेवल्या नाहीत.