हंटर चांगले की सेबर?

कोल्हापुरातल्या एका शाळेत गतीविषयी बोलत होतो. संगणकावर विमानांच्या लढाया खेळणाऱ्या एका मुलाने विचारले, "सर, हंटर चांगले की सेबर?" मी फळ्यावर लिहिले: त्रिज्या = वेगाचा वर्ग ÷ त्वरण. वळताना केंद्राकडे 50 मी/से² त्वरण (सुमारे 5 जी) असेल, तर सेकंदाला 200 मीटर वेगाच्या विमानाला 800 मीटर त्रिज्येचे वर्तुळ लागते. 300 मीटर वेगाला 1800. म्हणजे हळू जाणारे विमान आतल्या आत वळून दुसऱ्याच्या मागे येते.

सेबर यात तरबेज. त्याच्या बऱ्याच विमानांत पंखांच्या पुढच्या कडेच्या पट्ट्या कमी वेगात आपोआप पुढे सरकत आणि फटीतून येणारी हवा पंखाला धरून राही. हंटरचे इंजिन मात्र जास्त जोरकस. त्याने वेग राखावा, गोल फिरण्याच्या मोहात पडू नये.

1965 च्या युद्धात 6 सप्टेंबरला पंजाबमधल्या हलवारा तळावर गस्त घालणाऱ्या प्रकाश पिंगळे यांचे हंटर सेबरने पाडले. ते हवाई छत्रीने बचावले. 16 तारखेला पुन्हा तेच हंटर, समोर पुन्हा सेबर. या वेळी पिंगळ्यांनी एक सेबर पाडले. सोबतचे फरोख बन्शा मात्र त्याच झुंजीत मारले गेले.

खेळातल्या तक्त्यात दोन्ही दिवशी आकडे तेच येतील. कोण कोणाला आधी दिसला, हे त्यात नसते.

मुलगा जरा वेळ गप्प होता. मग वहीत 150 मीटर वेगाची त्रिज्या काढू लागला. 450 आली.