लालबागमधील मासळी व फळांची नावे

मध्य मुंबईतील लालबागच्या बाजारात व घरांत रूढ असलेली खाद्य जलचरांची आणि कोकणी फळांची नावे. मुंबईच्या बेटांवरील कोळी आणि कापडगिरण्यांत कामाला आलेले रत्नागिरी-सिंधुदुर्गकडचे चाकरमानी यांच्या बोली येथे एकत्र आल्या. त्यामुळे एकाच जिवाला दोन नावे सर्रास आढळतात : मुंबईची सुरमई मालवणी घरात इसवण, चिंबोरी ती कुर्ली, कोळंबी ती सुंगटं. बोंबील मात्र सगळ्यांचा बोंबीलच. जवळा म्हणजे कोळंबीची पिल्ले, हा समज चुकीचा आहे. ती लहान आकाराचीच वेगळी जात असून पूर्ण वाढ झाली, तरी ती बोटाच्या पेराएवढीच भरते. सोडे मात्र खरोखर सोलून वाळवलेली कोळंबी.

फळांत कोकमाची नावे अवस्थेनुसार बदलतात. ताजे फळ रातांबा, वाळवलेली साल आमसूल किंवा सोल, तर बियांचे घट्ट तेल मुठेल. गोव्यात फळालाच भिरंड म्हणतात. नीरफणस किंवा विलायती फणस मूळचा पॅसिफिक बेटांकडचा. रवा लावून तळलेले त्याचे काप शाकाहारी दिवशी माशाची उणीव बऱ्यापैकी भरून काढतात.

येथील पेरू चाळीतला बाजार १९३२ मध्ये बंद पडला. कायमच्या जागेसाठी कोळी व विक्रेत्यांनी नवस केला आणि १९३४ मध्ये ‘लालबागचा राजा’ हा गणपती बसवला, असे सांगितले जाते.