मुकादमाची वही आणि दवाखान्याचं रजिस्टर



गटाच्या बैठकीत आपण दर महिन्याला वही उघडतो. कुणी किती बचत भरली, कुणाचं कर्ज किती उरलं, सगळं त्यात असतं. तोंडी हिशेबात भांडण होतं, वहीत लिहिलं की मिटतं. आज आम्ही तुम्हाला वह्यांचाच इतिहास सांगणार आहोत, पण पैशाच्या नाही, आजाराच्या वह्यांचा.

इटलीत रामाझिनी नावाचे एक वैद्य होऊन गेले. 1700 साली त्यांनी कामकऱ्यांच्या आजारांवर पुस्तक लिहिलं. त्यांचं सांगणं साधं होतं. रोग्याला काय दुखतं, कधीपासून दुखतं हे विचारताच, तसा आणखी एक प्रश्न विचारा: तू काम काय करतोस?

पुढे 1854 मध्ये लंडन शहरात कॉलरा आला. हवा खराब झाली म्हणून माणसं मरतात, असं तेव्हा मोठे मोठे डॉक्टरही मानायचे. मेलेल्यांची यादी सरकारी कचेरीत होतीच. जॉन स्नो या डॉक्टरांनी ती घेतली आणि घरोघर जाऊन विचारलं, तुम्ही पाणी कुठून भरता? बहुतेक मरणं ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका हातपंपाभोवतीची निघाली. त्या पंपाचा दांडा काढायला लावला. यादी जुनीच होती, तिच्याशेजारी दुसरा रकाना स्नो यांनी मांडला.

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या 650 बायकांची तपासणी केली. 1989 साली ती जगासमोर आली. शंभरातल्या 92 बायकांना अंगावरून जाणं, पाळीचा त्रास, गर्भाशयाची सूज असा काही ना काही आजार होता. आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या बायका शंभरात फक्त आठ. तोवर खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंब नियोजन, एवढंच धरलं जायचं. बाकीचं कुणी विचारलं नव्हतं, म्हणून कुणाला दिसलं नव्हतं.

हे सगळं सांगण्याचं कारण आपला बीड जिल्हा आहे.

दसरा-दिवाळी झाली की आपल्याकडची गावं रिकामी होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जायचं. पट्टा पडेपर्यंत पाच-सहा महिने कोपीत राहायचं. मुकादमाच्या वहीत कोयता लिहिलेला असतो, उचल लिहिलेली असते, खाडा लिहिलेला असतो. बाई आजारी पडली तर तिथे ते आजारपण म्हणून लागत नाही, खाडा म्हणून लागतं आणि पैसे कापले जातात.

दुसरीकडे दवाखान्याचं रजिस्टर. त्यात बाईचं नाव, वय, ऑपरेशन: पिशवी काढली. ती ऊस तोडते की नाही, हे त्यात नाही. गावच्या नोंदीत ती सहा महिने ‘बाहेरगावी’.

आजारांवर नजर ठेवायची सरकारी व्यवस्थाही होती. 2004 पासून देशात एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम सुरू आहे. गावात ताप, जुलाब, कावीळ वाढली की त्याची खबर वर जाते. हे चांगलंच आहे. पण साथ आठवड्यात पसरते, तिची घंटा वाजते. पिशवी मात्र यंदा या घरात निघते, पुढच्या साली शेजारच्या घरात. त्याची घंटा कुठेच वाजली नाही.

ती वाजली 2019 मध्ये. एप्रिलमध्ये वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, राष्ट्रीय महिला आयोगाने राज्य सरकारला नोटीस दिली. जूनमध्ये विधान परिषदेत डॉ. नीलम गोऱ्हे यांनी विषय मांडला. तीन वर्षांत बीड जिल्ह्यात 4605 बायकांच्या पिशव्या काढल्या, असं आरोग्यमंत्र्यांनी सभागृहात सांगितलं. मग गोऱ्हेताईंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि ऊसतोड करणाऱ्या 82,309 बायकांचं सर्वेक्षण झालं. त्यातल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहाजणींत एक. 2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातलं प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होतं. वयाचा थोडा फरक धरला तरी आपल्याकडचं हे प्रमाण डोंगराएवढं आहे.

दोन वह्या शेजारी ठेवल्यावर हे दिसलं. काम आणि ऑपरेशन पहिल्यांदा एका ओळीत आलं.

याचा अर्थ ऊस तोडला की पिशवी सडते, असा नाही. मधे मोठी साखळी आहे. डोक्यावर मोळी घेऊन गाडीच्या शिडीवर चढायचं. संडास नाही, पाळीचं कापड धुवायला धड पाणी नाही. बाळंतीण होऊन महिना-दोन महिने होत नाहीत तोच फडात. अंगावरून जायला लागलं तरी खाड्याच्या भीतीने दवाखाना पुढे ढकलायचा. शेवटी गावाकडे आल्यावर कुणी ‘कॅन्सर होईल’ म्हणून घाबरवतं, कुणी सांगतं की पिशवी गेली की कटकट गेली. गोळ्या-औषधांनी बरा होणारा आजारही ऑपरेशनवर जातो. पिशवीबरोबर अंडाशयही काढलं तर तिशी-पस्तिशीतच पाळी गेल्याचे त्रास आणि हाडं ठिसूळ व्हायला सुरुवात.

एक गोष्ट आम्हाला कबूल करायची आहे. त्या बातम्या आल्यावर आम्ही आमच्याच गटांच्या जुन्या कर्जाच्या वह्या काढल्या. कारणाच्या रकान्यात ठिकठिकाणी ‘दवाखाना’ लिहिलेलं होतं. कशासाठी दवाखाना, हे आम्हाला तेव्हाही माहीत होतं. आम्ही कर्ज दिलं, व्याज लावलं, सही घेतली आणि पान उलटलं. नोंद आमच्याच हातात होती.

2019 नंतर जिल्ह्यात असं ऑपरेशन करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायचा नियम झाला. 2022 मध्ये केंद्र सरकारने मार्गदर्शक सूचना काढल्या, जिल्ह्यापासून देशापर्यंत देखरेख समित्या सांगितल्या. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना त्या लागू करायला सांगितलं. परवानगीने एखादं नको असलेलं ऑपरेशन थांबतं. पण फडात पाणी येत नाही, संडास होत नाही, खाडा माफ होत नाही. ते मागायला आपल्याकडेही आकडा पाहिजे.

म्हणून आमच्या गटांनी वहीत दोन रकाने वाढवले आहेत. जायच्या आधी तब्येत कशी, पट्टा पडल्यावर कशी. कुणी ऑपरेशन सांगितलं असेल तर आधी सरकारी दवाखान्यात, आपल्या अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात किंवा बीडच्या जिल्हा रुग्णालयात दुसरा सल्ला घेतला का, हेही विचारतो. एक पथ्य मात्र कडक पाळतो: नाव गटाच्या बाहेर जात नाही, जातो तो फक्त आकडा. बातम्यांच्या वेळी बायका आमच्यापाशी रडल्या होत्या, की आता आमच्या गावाला पोरी द्यायला लोक कचरतील. बाईची लाज काढून केलेली मोजणी आपल्या कामाची नाही.

पुढच्या बैठकीत वही उघडाल तेव्हा ‘दवाखाना’ या शब्दावर जरा थांबा. शेजारी बसलेल्या बाईला हळूच विचारा, काय झालं होतं गं?

ग्रामसभेत पाणी आणि संडास मागायला उभ्या राहाल, तेव्हा हीच वही हातात असू द्या.