तुपातला तांबडा रंग

परभणीजवळच्या पेडगावात एका गुरुजींनी आम्हाला विचारले, "सेंद्रिय म्हणून विकलेली ज्वारी खरोखर सेंद्रिय कशावरून?"

हा संशय जुना आहे. १९३२ साली मुंबईत शिवडीला वनस्पती तुपाचा कारखाना निघाला. साजूक तुपात वनस्पतीची भेसळ होऊ लागली. पुढे वनस्पतीत ५ टक्के तीळतेल घालण्याचे कायद्याने बंधन आले. भेसळीच्या तुपात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल व फरफ्युरल घालून हलवले, की आम्लाचा थर तांबडा होतो.

सेंद्रिय ज्वारीत अशी खूण घालता येत नाही. कीटकनाशकाचा अंश सापडला नाही, म्हणून शेतात रासायनिक खत पडलेच नाही असे ठरत नाही. म्हणून २०१७ च्या नियमांनी प्रमाणपत्राचा आधार घेतला, आणि प्रमाणपत्र उभे राहते शेताच्या नोंदींवर. परीक्षानळी थांबते, तेथे शेतकऱ्याची वही बोलते. ती वाचायला मुलांना शिकवू या.